मक्याचे फोटो वाचणाऱ्या वत्सलाअक्का

"हा फोटो किती वाजता काढला?"

वत्सलाअक्कांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. त्या आमच्याकडे मुलाखतीला आल्या होत्या आणि मुलाखत खरं तर आम्ही घेत होतो. पण पाचच मिनिटांत प्रश्न त्या विचारत होत्या आणि मी आणि आमचे मालक मूर्ती सर एकमेकांकडे बघत होतो.

मोबाइलवर इनकमिंग फुकट झालं, त्यानंतरची ती वर्षं. हैदराबादेत रोज कुठे ना कुठे नव्या काचेच्या इमारतीचं उद्‌घाटन होत होतं. मी पुण्याहून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन तिकडे गेलो तो अशाच एखाद्या इमारतीत शिरायच्या आशेनं, आणि पोचलो कुकटपल्लीच्या औद्योगिक वसाहतीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये. मूर्ती सर तिथे व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवत. पण त्यांच्या डोक्यात सतत काहीतरी नवं चालू असे. बियाण्याच्या एका मोठ्या कंपनीकडून त्यांनी काम मिळवलं होतं. कंपनी आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांकडून मक्याचं संकरित बियाणं तयार करून घेई. त्या शेतांत खांब रोवायचे, खांबावर कॅमेरा आणि सोलर पॅनेल बसवायचं, जमिनीत ओलावा मोजणारे सेन्सर पुरायचे. सेन्सरनं वायरीशिवाय खांबावरच्या डब्याला आकडे सांगायचे आणि डब्यातल्या सिमकार्डानं आकडे नि फोटो कुकटपल्लीला धाडायचे. पीक कसं वाढतंय हे कंपनीला शेतात न जाता कळणार होतं.

यंत्रं मी बसवली. फोटो येऊ लागले. आणि मग लक्षात आलं, की त्या फोटोंत काय दिसतंय ते सांगणारा आमच्याकडे कुणीच नाही.

जाहिरात दिली. वनस्पतिशास्त्र शिकलेली तरुण मुलं आली, पण सगळ्यांना सॉफ्टवेअरमध्ये जायचं होतं. शेवटी आल्या वत्सलाअक्का. बुटक्या, सावळ्या, नऊवारी नव्हे पण पाचवारीच इतकी चापून नेसलेली, की आता शेतात उतरतील असं वाटावं. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. एका मुलींच्या कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्राच्या लॅब असिस्टंट होत्या आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. मूर्ती सरांनी विचारलं, "शिकवत होता तुम्ही?"

"शिकवायच्या मॅडम. मी दाखवायची," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्यापुढे एक फोटो उघडला. मक्याची पानं सुरळीसारखी गुंडाळली होती. त्या वाकून, पदर सावरत, स्क्रीनजवळ नाक नेऊन बघत राहिल्या. आणि मग तो प्रश्न.

"दुपारी बारा," मी म्हणालो. "पाणी कमी पडलंय ना?"

"बाराच्या उन्हात तूबी अंग चोरून उभा राहतोस की नाही? तसंच मक्याचं. त्यात घाबरायचं काही नाही. सकाळी आठचा दाखव. सकाळी आठलाबी पान गुंडाळलेलं असलं, तर मग त्याला खरीच तहान."

त्याआधीच्या आठवड्यात आम्ही 'तातडीनं पाणी द्या' असे चार निरोप कंपनीला पाठवून मोकळे झालो होतो. मूर्ती सरांनी कपाळाला हात लावला आणि हिंदीत विचारलं, "अम्मा, कब से आओगे?"

"आलेच की," त्या म्हणाल्या, आणि छत्री कोपऱ्यात उभी केली.

अक्कांचं माहेर उदगीरकडचं. वडिलांची शेती होती. त्या स्वतः लहानपणी शिकायला म्हणून हैदराबादला मामाकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांची मराठी ऐकताना सुरुवातीला मला मधूनमधून थांबावं लागे. 'होय'च्या जागी 'हौ', 'नको'च्या जागी 'नक्को', आणि चिडल्या की शुद्ध दखनी. "खामखा परेशान नक्को करू बाबा त्या डब्याला," असं त्या मला सांगत. शेजारच्या वेल्डरशी त्या तेलुगूत बोलत, चहावाल्याशी उर्दूत, आणि कॉम्प्युटरशी मराठीत. फोटो उघडायला वेळ लागला की, "ये बाबा ये, हल्लू हल्लू ये, पण ये," अशी त्याची समजूत काढत.

कॅमेऱ्यांना आम्ही नंबर दिले होते. अक्कांना ते लक्षात ठेवायचे नव्हते. त्यांनी त्यांना सासरच्या माणसांची नावं दिली. जो कायम धुकट फोटो पाठवी ते मामंजी, कारण मामंजींना मोतीबिंदू होता. एकाचा खांब वाऱ्यानं सारखा डुले, ते धाकटे भाऊजी. सगळ्यांत स्वच्छ, नेमका फोटो पाठवणारा सात नंबर म्हणजे वन्सं. "आमच्या वन्सं बोलायच्या कमी, पण खोटं एक अक्षर नाही," असं त्या सांगत. हळूहळू मूर्ती सरही फोनवर विचारू लागले, "वन्सं का फोटो आया क्या?" वन्सं म्हणजे काय हे त्यांना कधीच कळलं नाही.

या सात नंबरच्या शेतावरच अक्का काय चीज आहेत ते मला कळलं. शंकरपल्लीच्या पुढे एका गावात यादम्मा नावाच्या बाईंचं ते शेत. चाळिशीच्या, उंच, सडसडीत. नवरा दूर ट्रकवर असे, शेत त्या आणि त्यांच्या सासूबाई बघत. हिवाळ्यात तिथल्या सेन्सरनं एक विचित्र खेळ सुरू केला. रोज सकाळी ओलावा एकदम वर जाई आणि दुपारपर्यंत उतरे. शेतातले बाकीचे सेन्सर मात्र कोरडे. मी वायर बदलली, डबा बदलला, शेवटी सेन्सरही बदलला. खेळ चालूच.

अक्कांनी आकड्यांचा कागद घेतला आणि पेन्सिलीनं वेळांखाली रेघा मारल्या.

"सहा-पाच, सहा-दहा, सहा-पाच. पाऊस इतका वेळेवर येत नाही. गळतीबी इतकी वेळेवर होत नाही. मंदार, हे आंघोळ करून आलेल्या माणसाचं काम आहे."

आम्ही गेलो. खांबाच्या बुंध्याला हळदीकुंकू, वर दोन झेंडूची फुलं, आणि खाली, सेन्सर पुरला होता नेमकी तिथली माती ओली. यादम्माच्या सासूबाई रोज पहाटे आंघोळ करून एक तांब्या पाणी तिथे वाहत होत्या. मला हसू फुटलं. अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं की ते तिथेच विरलं. त्या म्हातारीशेजारी बांधावर बसल्या. आधी गुडघ्यांची चौकशी झाली, मग नातवंडांची, मग तेलुगूत म्हणाल्या, "हे देवाचं नाही ओ अम्मा. शेताला तहान लागली की आम्हाला सांगायला ठेवलंय. त्यालाच रोज पाजलं तर ते म्हणणार, माझं पोट भरलंय. मग शेताचं कोण सांगणार?"

म्हातारीनं खांबाकडे एकदा बघितलं. मग विचारलं, "मग पाणी कुठं घालू? आता सवय झाली."

अक्कांनी उठून इकडेतिकडे बघितलं. बांधावर हातभर उंचीचं कडुनिंबाचं रोप होतं. ते दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून आकडे सरळ झाले.

त्या काळात आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी मी अक्कांबरोबर काचीगुड्याला त्यांच्या घरी जेवायला जाई. दोन खोल्या, दारात कढीपत्ता, आणि आत आरामखुर्चीत नाना. नाना त्यांचे यजमान, रेल्वेतून निवृत्त झालेले. काचबिंदूनं त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. अक्का चपला काढायच्या आत ते विचारत, "काय म्हणतंय आज शेत?"

आणि अक्का सांगत. हात-पाय धुता धुता, कणीक मळता मळता, दिवसभरात बघितलेला एकेक फोटो सांगत. "मामंजींकडं धुकंच होतं. भाऊजींकडं बगळे उतरलेत, पाणी सोडलेलं दिसतंय. वन्संचा मका हा एवढा झाला."

"एवढा म्हणजे केवढा?"

"तुमच्या छातीला लागेल."

नाना आपला तळवा छातीवर ठेवत, ती उंची जणू मोजून घेत आणि म्हणत, "परवा पोटाशी होता की!" आकडे, आलेख, मूर्ती सरांनी कंपनीसाठी केलेली रंगीत सादरीकरणं मी पुष्कळ पाहिली. पण पीक वाढताना मी पाहिलं ते नानांच्या त्या हाताखाली.

पुढच्या पावसाळ्यात मात्र माझ्या हातून एक गोष्ट घडली. ती सांगितल्याशिवाय अक्का सांगून होणार नाहीत.

संकरित मक्याच्या शेतात काही ओळी नराच्या असतात, काही मादीच्या. मादीच्या ओळींतल्या झाडांचे तुरे, पराग सुटायच्या आत, हातानं उपटून टाकावे लागतात. ते राहिले तर बियाणं शुद्ध राहत नाही आणि कंपनी अख्खं शेत नापास करते. नापास म्हणजे हंगामभराची मेहनत साध्या मक्यात जमा. शेताच्या कडेनं मात्र चारही बाजूंना नराच्याच ओळी लावतात. तिथले तुरे उभेच ठेवायचे असतात. आमचे कॅमेरे मादीच्या ओळींवर रोखलेले होते, कारण त्या दिवसांत कंपनीला तेवढंच बघायचं होतं.

आणि सात नंबरच्या फोटोत तुरे दिसले. एक नाही, ओळीच्या ओळी. सलग तीन दिवस.

मूर्ती सर दुःखी व्हायच्या ऐवजी उत्साहात आले. यंत्रानं चोर पकडला होता. कंपनीच्या साहेबांनी फोनवर सांगितलं, उद्याच अहवाल पाठवा, त्यावर फोटो वाचणाऱ्याची सही हवी. सरांनी अहवाल टाइप करून अक्कांपुढे ठेवला.

अक्कांनी चष्मा पुसला. तीन फोटो बघितले. मग मागे जाऊन पंधरा दिवसांपूर्वीचे बघितले. मधले आठ-दहा दिवस आभाळ भरलेलं होतं, फोटो नुसते राखाडी. तिसऱ्या दिवशीच्या फोटोत ऊन पडलं होतं. त्या फोटोवर त्यांनी बोट ठेवलं.

"सकाळचंच ऊन ना हे? मग सावल्या इकडं कशा पडल्या? आधी तिकडं पडायच्या." त्या माझ्याकडे वळल्या. "मंदार, वन्संला हात लावला होतास का रे तू एवढ्यात?"

मी म्हणालो, "नाही."

हे मी का म्हणालो ते आजही मला नीट सांगता येत नाही. दोन आठवड्यांपूर्वी वादळी वाऱ्यानं त्या कॅमेऱ्याचा क्लँप सैल झाला होता. मीच गेलो होतो. पाऊस लागला होता, शहराकडे येणारी एकच बस होती आणि ती समोर दिसत होती. मी क्लँप आवळला आणि पळालो. कॅमेरा नीट आहे का ते ऑफिसात फोटो बघून ठरवू म्हटलं. फोटोत मका दिसला, माझं समाधान झालं. रजिस्टरमध्ये नोंद करायची होती, ती राहिली. अक्कांनी विचारलं तेव्हा हे सगळं एका क्षणात आठवलं, आणि तरी तोंडातून 'नाही' आलं.

"बरं," अक्का म्हणाल्या. मग मूर्ती सरांना म्हणाल्या, "सर, सही उद्या. मी जाऊन बघून येते."

"अम्मा, जाऊन बघायचं असतं तर हे यंत्र कशाला?"

"हौ. पण सही माझी आहे ना?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आम्ही गेलो. वाटेत अक्कांनी मला शेंगदाणे दिले, भाच्याच्या लग्नाची हकिकत सांगितली, पण कॅमेऱ्याचं नाव काढलं नाही. ते मला जास्त जड गेलं.

यादम्मा मक्यात होत्या. डोक्याला फडकं, दंडावर पानांच्या कडांचे ओरखडे, भुवयांवर पिवळी धूळ. बांधावर उपटलेल्या तुऱ्यांचा ढीग आणि त्यात तोंड घातलेल्या दोन म्हशी. मादीच्या ओळींत अक्का या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरल्या. तुरा एकही नव्हता. शेत नापास करायची गोष्ट चालली आहे हे त्यांनी यादम्मांना सांगितलं. यादम्मांना आधी कळेचना. मग त्या खांबाकडे हात करून म्हणाल्या, "पण तुमचा डोळा रोज इथंच असतो ना? मी रोज सूर्य उगवायच्या आत येते. त्याला मी दिसले नाही?"

मी खांबाकडे गेलो. क्लँपच्या जुन्या जागेचा गंजाचा वळ खांबावर स्पष्ट दिसत होता. कॅमेरा त्या जागेपासून चांगला चार बोटं फिरून शेताच्या कडेकडे, नराच्या ओळींकडे तोंड करून बसला होता. मी मागे पाहिलं तर अक्का उभ्या होत्या. त्यांनी वळ पाहिला, मला पाहिलं, आणि त्या यादम्मांनी पुढे केलेलं ताक प्यायला निघून गेल्या.

परतीच्या बसमध्ये मीच बोललो. "अक्का, मी आलो होतो. माझ्याच हातून फिरला तो."

"कळलं मला."

"तुम्ही सांगाल का सरांना? तुमचं ऐकतात ते."

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "मी सांगितलं तर काय होईल? सर म्हणतील, पोरगं आहे, जाऊ द्या. यंत्र वाऱ्यानं फिरलं असं तिकडं कळवतील. सगळे सुटतील." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्या बाईनं काय विचारलं ऐकलंस ना? तिला उत्तर कोण देणार? चूक तुझी, मग तोंड माझं का वापरायलास?"

अहवाल न्यायला कंपनीचे साहेब स्वतःच दुपारी शेडमध्ये आले. मूर्ती सरांनी पंखा त्यांच्याकडे वळवला. मी उभा राहिलो आणि सांगितलं. हिंदी गडबडत होतं, पण सगळं सांगितलं. बस, पाऊस, क्लँप, न केलेली नोंद. आदल्या दिवशीचं 'नाही'सुद्धा.

साहेब थंडपणे म्हणाले, "म्हणजे दोन आठवडे तुम्ही आम्हाला कुणाचं शेत दाखवत होतात?"

"तेच शेत, सर. चुकीची बाजू."

"मग बाकीच्या फोटोंवर तरी आम्ही विश्वास का ठेवावा?"

तेव्हा अक्का पहिल्यांदा बोलल्या. "नुसत्या फोटोवर ठेवूच नका. आठवड्यातून एकदा माणूस पाठवा. फोटोत शंका आली तर जाऊन बघायचं, बघूनच सही करायची. तुमच्या माणसाला आज यादम्माकडं पाठवा. तुरे अजून बांधावर पडलेत, म्हशींनी ठेवले असले तर."

माणूस गेला. शेत पास झालं.

आम्ही मात्र नापास झालो. हंगाम संपला तसं कंपनीनं काम एका मोठ्या संस्थेकडे दिलं. त्यांच्याकडे उपग्रहाचे फोटो होते. मूर्ती सर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, पण कामावरून काढलं नाही. अक्कांना एवढंच म्हणाले, "अम्मा, तुम्ही मला बुडवलंत." त्यावर अक्का दुसऱ्या दिवशी घरून डबाभर पुरणपोळ्या घेऊन आल्या आणि त्यांच्या टेबलावर ठेवल्या. सरांनी तीन खाल्ल्या.

साहेबांसमोर बोललो त्या संध्याकाळी काचीगुड्याला गेलो होतो. आत येताच नानांनी हात पुढे केला. मला वाटलं, पाण्याचा पेला हवाय. त्यांनी माझा दंड चाचपला आणि थोपटला. "हिनं सांगितलं मला. सगळ्यांसमोर बोललास म्हणे." एवढंच. मग नेहमीसारखे अक्कांकडे तोंड करून बसले.

फोटो येणं बंद झालं त्या दिवशी अक्कांनी ओल्या फडक्यानं कॉम्प्युटरची काच पुसली, पेन्सिली पिशवीत टाकल्या आणि छत्री उचलली. शेडमध्ये पुन्हा स्टॅबिलायझर बनू लागले. मी पुढे खरोखरच एका काचेच्या इमारतीत नोकरीला लागलो.

हैदराबाद सोडायच्या आधी, चारेक वर्षांनी, अक्कांना फोन केला. मधल्या काळात नाना गेले होते. भेटायला येतो म्हटलं तर म्हणाल्या, "घरी नक्को येऊ, मी नाही. अफझलगंजला बसस्टँडवर ये सकाळी. यादम्माकडं निघालेय."

यादम्मांनी आता गावातल्या बायकांची टोळी जमवली होती. तुरे काढायची कामं त्या गावोगाव घेत. दर हंगामाला नव्या मुली येत, त्यांना नराची ओळ कुठली नि मादीची कुठली हे दाखवायला अक्का जात आणि दोन-चार दिवस तिथेच राहत.

मी पोचलो तेव्हा त्या बसमध्ये खिडकीशी बसल्या होत्या. अंगानं वाळल्या होत्या, केस पार पांढरे झाले होते. पुण्याला जातोय म्हटल्यावर त्यांनी खिडकीतून हात काढून माझ्या गालावरून फिरवला. आईच्या तब्येतीची चौकशी केली, लग्नाचं काय म्हणून दटावलं. कंडक्टरनं घंटी दिली. मी काहीतरी मोठं बोलायच्या तयारीत होतो. तेवढ्यात त्यांच्या शेजारी एक बाई येऊन बसली. तिच्या मांडीवर ओल्या गोणपाटात बांधलेली वांग्याची रोपं होती.

"पोचलास की फोन कर," अक्का मला म्हणाल्या आणि त्या बाईकडे वळल्या.

बस हलली. मी दोन पावलं तिच्याबरोबर चाललो, हात वर केला. अक्कांचं लक्ष नव्हतं. चष्मा कपाळावर सरकवून, शेजारणीच्या मांडीवर वाकून त्या एका रोपाचं पान दोन बोटांनी हळूच उलटवत होत्या, आणि तेलुगूत तिला काहीतरी विचारत होत्या.